चौकच्या तांबटाचे सूर

कर्जत स्टेशनात उतरले तेव्हा घाट उतरून आल्याची हुशारी अजून अंगात होती. एकटीनं परगावी जायची ही माझी पहिलीच खेप, आणि कामही असं की पुण्यात कुणाला सांगितलं असतं तर हसलं असतं. मी सूर शोधायला निघाले होते.

सूर म्हणजे बाजाच्या पेटीत भात्याच्या वाऱ्यानं थरथरून वाजणारी पितळी पट्टी. आमचं पेट्या बनवायचं दुकान, आणि चांगले सूर यायचे फ्रान्सहून. लढाईत ते बंद झाले. आता स्वराज्य आलं होतं आणि आपला देश बऱ्याच देशांच्या एका व्यापारी करारात सामील झाला होता. त्या देशांनी एकमेकांच्या मालावरची जकात उतरवायची, असा तो करार. फ्रान्सचे सूर पुन्हा येणार म्हणून वडील हरखले. पण आयातीला परवाना लागायचाच, आणि त्याच्या अर्जात विचारलं होतं: ‘हा माल देशात तयार होतो काय?’ वडील ‘नाही’ लिहिणार, तोच एका भजनी बुवांनी सांगितलं, कर्जतकडे एक तांबट सूर घडवतो.

वडिलांचे गुडघे धरलेले. त्यांनी उरलेला एक फ्रेंच सूर फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. “तू जा. कानानं खात्री कर. खोटं लिहायचं नाही.”

स्टेशनालगतच्या भिसेगावातल्या तांबटानं माझं सगळं शांतपणे ऐकलं, आतून हंडा आणला आणि त्यावर टिचकी मारली. “ह्यो बी वाजतो की!” मग स्वतःच पोटभर हसला. “तुमचा मानूस चौकला हाय, बाय. दामू तांबट. तिकडं हमरस्त्यावर मोटारींचं मोडकं पितळ गावतं ना!”

चौककडे परतणारी रिकामी बैलगाडी मिळाली. खाचरांत भाताची कापणी उरकली होती, उजव्या हाताला माथेरानचा डोंगर, पुढे इर्शाळगडाचा सुळका. अर्ध्या वाटेवर चाकाची खीळ कुठंतरी निसटून पडली. गाडीवाला ती शोधायला मागे गेला आणि मी पुढे चालत सुटले. धुळीनं पातळ पिंडऱ्यांपर्यंत तांबडं झालं, पण पाय थांबेनात.

दामू तांबटाच्या घरापुढची, झापांनी शाकारलेली पडवी हमरस्त्यालाच होती. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. मी आल्याचं कारण सांगितलं तशी त्याच्या हातातली कानस थांबली.

“पुन्याहून? माज्या सुरांसाटी?” त्यानं बायकोला हाक मारली, “पारू, आईकलंस का गं?”

भजनी मंडळाची जुनी पेटी त्याच्याकडे दुरुस्तीला आलेली होती. तिच्यात त्यानं माझ्या फडक्यातला फ्रेंच सूर आणि आपला एक, असे शेजारी बसवले. “डोळे मिटा बाय, नि सांगा.”

मी ऐकलं. पुन्हा वाजवायला लावलं. कुठला फ्रान्सचा नि कुठला चौकचा, मला सांगता येईना! तेवढ्यात त्यानं भाता जोरात दाबला, आणि एक सूर किंचित खाली घसरला.

“त्यो माजा,” दामूकाका स्वतःच म्हणाला. “जोर दिला की उतरतो. मोडीतला पत्रा मऊ पडतो.”

“मग चांगला पत्रा का नाही घेत, काका?”

“त्यो बी परदेशी. त्याला बी परवाना लागतो. तांबटाला कोन देतंय?”

मी चटकन सावरून बसले. सूर आणायचेच कशाला, पत्रा आणला तर?

“पत्रा मिळाला तर पुरवाल आम्हाला?”

“हात दोनच हायती यांचे,” पारूबाई मधेच म्हणाली. “सगळं पुनं नाय पुरवनार हे.”

“पुण्याचं नाही, एका दुकानाचं बोलते.”

“फ्रान्सवाल्याचे सूर येऊंदेत खुशाल,” दामूकाका म्हणाला. “माजं नाय काय म्हननं. फकस्त त्याच्यासारका पत्रा माज्या हातात येऊंदे.”

पारूबाईनं तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. जेवताना आम्ही तिघंही एकदम बोलत होतो. निघताना फ्रेंच सूर मी नमुना म्हणून त्याच्याजवळच ठेवला आणि त्याचा घेऊन आले.

घरी वडिलांनी तो वाजवला, घसरतो तेही ऐकलं. मग अर्जावर लिहिलं, ‘होतो.’ खाली थोडे सूर मागितले आणि माझ्या सांगण्यावरून पितळी पत्राही.

उत्तर यायला फार महिने लागले. देशात होतात म्हणून सूर नामंजूर, पत्रा मंजूर. वडील दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. करार इतक्या देशांचा, पण त्यातून आपल्या दारात काय येणार ते आम्ही लिहिलेल्या एका शब्दावर ठरलं होतं, आणि तो खरा होता म्हणूनच नुकसान झालं, असं मलाही वाटून गेलं.

आम्ही पाठवलेल्या त्या पत्र्यातून घडवलेल्या सुरांची दामूकाकाची पहिली पुडी आली त्या सकाळी वडिलांनी सूर बसवला आणि सगळा जोर लावून भाता दाबला.

सूर तसूभरही हलला नाही. वडिलांनी भाता सोडला, पुन्हा दाबला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “या माणसाला मला भेटायचंय. मी येतो चौकला.”