काकूंच्या भाच्या

काकूंना बहीण नाही. सख्खी नाही, चुलत नाही, मानलेलीसुद्धा नाही. पण भाच्या विचाराल तर मोजता मोजता दमाल. एक सोनेरी केसांची, एक दाराच्या चौकटीला डोकं आपटेल एवढी उंच, एक अशी की प्यायला पाणी हवं तरी खुणा करायची. सगळ्या काकूंच्या वरच्या खोलीत चार दिवस राहून गेल्या, आणि प्रत्येकीची ओळख काकूंनी गल्लीला एकाच शब्दात करून दिली. भाची.

हे सुरू झालं ते काका गेल्यानंतर. एके दिवशी काकू किराणा घेऊन परतत होत्या, तर स्टँडवर एक परकी मुलगी रडकुंडीला आलेली. गावात लॉज होते, पण एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. बरोबर कोण आहे, नवरा कुठाय, भाऊ कुठाय, हेच सगळीकडे. हे गाव तसंच. बाई घराबाहेर पडली की सोबत कुणीतरी हवंच. नसलं तर लोक आधी टक लावून बघतात, मग एखादा दोन पावलं मागे चालू लागतो. काकूंनी त्या मुलीचा हात धरला आणि तिला सरळ घरी आणलं. वाटेत पाववाल्यानं विचारलं, "कोण हो ही?" काकूंच्या तोंडून निघून गेलं, "माझी भाची." पाववाल्यानं एकदा काकूंच्या सावळ्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा त्या गोऱ्यापान पोरीकडे, आणि म्हणाला, "बरं."

घर निम्मं धाकट्या दिरांचं. भाऊजी कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले, पण कारकुनी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी स्पष्ट बजावलं, "वहिनी, राहू देत मुली. पण गल्लीनं एकीबद्दल जरी माझ्याकडे तक्रार आणली, तर वर कुलूप. मग खोली गोदामाला देणार." गोदामवाला टपलेलाच होता. काकूंना भाडं हवं होतं हे खरं, पण त्याहून जास्त त्यांना त्या मुली हव्या होत्या. जिन्यात पावलं वाजली की घर घरासारखं वाटायचं. ती खोली गेली असती तर काकू भिंतींशी बोलत बसल्या असत्या, दुसरं काय.

म्हणून त्या जपायच्या. मुलगी आली की आधी खायला, मग उपदेश. "हे बघ, बाह्या लांब घाल आणि ओढणी पिशवीत ठेव. डोक्यावर घ्यायची वेळ कधी येईल सांगता येत नाही. रस्ता विचारायचा तर कडेवर मूल असलेल्या बाईला विचार. ती स्वतःच घाईत असते, तुझ्या मागे लागायला तिला सवड नाही. कुणी म्हणालं, एकटीच का, तर म्हणायचं, पुढे माणूस थांबलाय. कोण थांबलाय ते सांगत बसायचं नाही. बसमध्ये बाईशेजारी बस. आणि दुकानदाराशी गोड हसू नकोस, तो भाव कमी करत नाही, फक्त जास्त वेळ बोलतो."

मग संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, काकू तिला घेऊन गल्लीतून एक फेरी मारायच्या. पाववाला, शिंपी, चहाची टपरी, औषधाचं दुकान, शेवटी बसस्टँड. प्रत्येक ठिकाणी थांबून तेच, "ही माझी भाची बरं का." झालं. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलीकडे वाकड्या नजरेनं बघायची कुणाची टाप नसायची. टपरीवर कुणी उपटसुंभ काही बोललाच, तर शिंपी कात्री हातात घेऊनच बाहेर यायचा. परदेशातून आलेल्या मुली काकूंना म्हणायच्या, हे गाव तर फार कडक आहे असं ऐकलं होतं. काकू म्हणायच्या, "कडक आहेच. पण आता तू घरातली आहेस."

आता, घरातली म्हटलं की घरातल्यासारखं वागवणं आलंच. इथंच गाडी घसरली.

त्या हिवाळ्यात एक बाई आली. पस्तिशीची, सडपातळ, गळ्यात दुर्बीण. आपली भाषा अडखळत पण नेटानं बोलायची. बसच्या शेवटच्या थांब्यापाशी एक तळं आहे, तिथं लांबून पक्षी येतात आणि थोडे दिवस थांबून निघून जातात. त्यांच्यासाठी ती वर्षभर पैसे साठवून आली होती. गल्लीनं लगेच तिचं नाव पाखरंवाली ठेवलं. काकूंनी नेहमीप्रमाणे फेरी मारली, आणि सकाळी पाखरंवाली पहिल्या बसनं निघाली.

दुपारी ती परत आली. चालत नाही, पोचवली गेली. एक कंडक्टर तिची पिशवी हातात धरून पुढे, आणि लालबुंद झालेली ती मागे. झालं होतं असं की तळ्याच्या बसवरच्या या कंडक्टरनं तिला स्टँडवर काकूंबरोबर पाहिलं होतं. काकूंची भाची एकटी त्या ओसाड ठिकाणी निघाली म्हटल्यावर त्याला राहवलं नाही. तिनं तिकीट दाखवलं, पक्ष्यांची चित्रं दाखवली, पुढे माणूस थांबलाय असंही सांगितलं. तो म्हणाला, "कोण माणूस?" मधल्या फाट्यावर त्यानं तिला उतरवलं, आपली गाडी दुसऱ्याच्या हवाली केली, आणि परतीच्या बसनं तिला स्वतः घरी घेऊन आला. वर चेहऱ्यावर असा भाव, की आता काकू पाठ थोपटतील.

पाखरंवाली गल्लीच्या मध्ये उभी राहून बोलू लागली. शब्द मोडके होते, राग चांगला धडधाकट होता. खिडक्या उघडल्या. शिंप्याचं मशीन थांबलं. पाववाला पुढे होऊन तिच्या कानाशी म्हणाला, "बाई, हळू. तक्रार झाली तर काकूंची खोली जाईल." तेवढ्यात भाऊजी चष्मा पुसत खाली आलेच.

"काय तक्रार आहे?"

पाखरंवालीनं काकूंकडे पाहिलं. बिचारी भली बाई. म्हणाली, "काही नाही. काही झालं नाही."

काकूंना तिथंच गप्प बसता आलं असतं. खोली वाचली असती, बाई निघून गेली असती, गल्ली विसरली असती. पण डोळ्यांत पाणी आणून एक बाई आपल्यासाठी खोटं बोलते आहे, हे त्यांच्याच्यानं बघवेना.

"झालंय," काकू म्हणाल्या. "भाऊजी, हिला बसमधून उतरवलं. हिनं काही चूक केली नाही. चूक माझी आहे. मी सगळ्यांना सांगत सुटले, ही माझी भाची. ही माझी भाची नाही. याआधीच्याही कुणी नव्हत्या. मला बहीणच नाही."

मग कंडक्टर मान खाजवत म्हणाला, "ते ठाऊक आहे, काकू. माझी सासुरवाडी तुमच्याच माहेरच्या गावात आहे."

"मग उतरवलंस कशाला?"

"तुम्ही भाची म्हणालात ना. मग तशी काळजी घ्यायला नको?"

शिंपी म्हणाला, "आम्हालाही ठाऊक होतं." पाववाला तर हसायलाच लागला. इतकी वर्षं काकूंना वाटत होतं की आपण गल्लीला गंडवतोय. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मग आता नीट ऐका. ही पाहुणी आहे. शहाणीसुरती आहे. तिनं मदत मागितली तर धावत जा. नाही मागितली तर तिची वाट सोडा. काळजी घ्यायची म्हणजे तिला अडवायचं नाही."

सगळे भाऊजींकडे पाहू लागले. भाऊजींनी चष्मा नीट नाकावर बसवला. "अट अशी होती," ते सावकाश म्हणाले, "की गल्लीनं भाडेकरणीबद्दल तक्रार केली तर कुलूप. इथं भाडेकरणीची गल्लीबद्दल तक्रार आहे. हे अटीत बसत नाही." आणि कंडक्टरकडे वळून, "तू माफी माग. आणि उद्याची पहिली गाडी चुकवू नकोस."

सकाळी पाखरंवाली निघाली तर स्टँडवर अर्धी गल्ली. जो तो सहज आलेला. भाऊजी सहज फिरायला, शिंपी सहज चहा प्यायला, आपल्या दुकानात पावाचे ढीग असताना पाववाला सहज पेपर वाचायला. तिच्याशी कुणी चकार शब्द बोललं नाही. कंडक्टरनं तिकीट दिलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. काकूंच्या ओठांवर 'पोचल्यावर फोन कर' असं आलं होतं, ते त्यांनी गिळलं. गाडी गेली.

दिवसभर काकूंचं कशातच लक्ष नव्हतं. ऊन कलताना फोन वाजला.

"काकू, पोचले. खूप पक्षी आहेत."

"अगं, मी तर सांगितलंही नव्हतं फोन कर म्हणून."

"नव्हतं ना," ती म्हणाली. "म्हणून केला."