काचेला बोट

आमच्या वडगावात शेजारी एक अण्णा आहेत. गल्लीत कुणाच्या गाडीच्या हेडलाइटचा बल्ब गेला की तो बदलायचा मान त्यांचा. नवा बल्ब ते धुतलेल्या धोतराच्या टोकातच धरतात. "काचंला बोट लागलं की बल्ब गेला म्हणायचा, मास्तर," असं दर वेळी बजावून मला दोन पावलं मागं सारतात. मग, वस्तू नवी म्हणून, बोट कुंकवात बुडवून काचेवर ठसठशीत टिळा लावतात, हात जोडतात आणि बल्ब बसवतात.

परवा माझा बल्ब पुन्हा गेला. काढलेल्या बल्बची काच टिळ्याखाली काळी पडली होती. ती निरखत अण्णांनी विचारलं, "खरं सांगा, बोट लावलासा न्हवं?"

"व्हय अण्णा," मी म्हणालो, "चुकलं माझं."