बाळारामकाकांचा कॉम्प्युटर

बिघडलेल्या कॉम्प्युटरचा बाळारामकाका आधी वास घ्यायचे. झाकण उघडायचं, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे. "जळका वास नाय. मंग जगंल," म्हणाले की मी स्क्रूड्रायव्हर पुढे करायचे.

काका कर्जतला आमच्या शेजारी राहायचे आणि खोपोलीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. कॉम्प्युटर त्यांच्या मेव्हण्याने दुबईला भरपूर वापरून मग त्यांच्या गळ्यात मारलेला. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून प्रोग्रॅम चढवायचा, आणि तो चढेपर्यंत घरात कुणी शिंकायचंही नाही. पावसाळ्यात तर त्याची फारच नाटकं. दमट हवेने बटणं चिकटायची, कॅसेट अडखळायची. काका त्याला खोक्यात ठेवून वर पेटता बल्ब टांगायचे, कोंबडीच्या पिल्लांना ठेवतात तसा.

मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. काकांनी मला हाताशी घेतलं. स्पिरिटच्या बोळ्याने टेपचं हेड पुसणं, काळवंडलेले सांधे खोडरबराने घासणं, सुटलेली वायर सोल्डर करणं, सगळं त्यांनी शिकवलं, तेही न चिडता. मी घाई केली की म्हणायचे, "सुमे, आदी बग गं. हात काय पळून जात नाय." पुढेपुढे मशीन अडलं की ते खाटेवर बसून चहा प्यायचे आणि दुरुस्ती मी करायची. आल्यागेल्याला सांगायचे, "आमी नुस्ते मालक. डाक्टर ती."

मग त्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला. तो सांभाळायला माणूस हवा होता आणि साहेबांनी काकांनाच नाव विचारलं. मी हरखून गेले. घरात माझ्या लग्नाची घाई चालली होती. नोकरी लागली तर माझे वडील, आबा, थांबणार होते. काकांना हे सगळं माहीत होतं.

काकांनी नाव दिलं ते त्यांच्या भाच्याचं, विलासचं. त्या बाबाने जन्मात साधा फ्यूज बदलला नव्हता. मी जाब विचारला, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "कारखान्यातलं मशीन हाय ते, घरातलं नाय. तुला झेपायचं नाय गं."

ते मी खरं मानलं. ज्या माणसाने शिकवलं त्यालाच माझी कुवत ठाऊक असणार, असं वाटलं. रात्रंदिवस तेच डोक्यात घोळायचं. शेवटी लग्नाला होकार देऊन टाकला.

हळदीच्या आदल्या दिवशी विलास दारात उभा. घामाघूम, हातातल्या पिशवीत कारखान्याचा कीबोर्ड.

"ताई, बटनं चालत नायत. मामा म्हनला, सुमीकडं जा, तिला सगलं जमतं. पन कोनाला सांगू नको म्हनला."

इतके दिवस मी समजत होते, काकांचा माझ्यावर भरवसा नव्हता. तसं असतं तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं.