टंकलेखन साहाय्य : रतन काळोखे

"रतनताई, आभार तुमच्याकडे. दोन मिनिटं, फक्त नावं वाचायची," विभागप्रमुख गोपाळकृष्ण सर म्हणाले.

"वाचते की," म्हणत रतनताईंनी निमंत्रणपत्रिकांच्या गठ्ठ्याला रबर लावलं.

आमच्या विद्यापीठातल्या भाषा विभागाच्या त्या क्लार्क. खडकीला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढल्या. शेजारी बंगाली पालितकाकू. त्यांच्या ओट्यापाशी बसून मासे साफ करायला आणि बंगाली वाचायला एकदमच शिकल्या. मालबिका कुंडूंची बंगाली कादंबरी त्यांनी तीन वर्षं खपून मराठीत आणली आणि "जरा नजरेखालून घाला," म्हणून वह्या सरांना दिल्या. पुस्तक आलं ते 'मूळ बंगालीवरून अनुवाद : डॉ. गोपाळकृष्ण' असं. रतनताई सापडल्या शेवटच्या पानावर. टंकलेखन साहाय्य.

"भांडा ना!" मी म्हटलं.

"केबिनमध्ये? छे. लेखिकाबाई लंडनहून यायच्यात प्रकाशनाला. येऊ देत. तू मला माईकवर उभं राहायला शिकव."

आठवडाभर रेकॉर्ड रूममध्ये आमची तालीम चालली.

समारंभाला सर दणकून बोलले. "बंगाली माझ्या श्वासात आहे!" टाळ्या. सूत्रसंचालन नेहमीप्रमाणे माझ्याकडे होतं. मी आभारांसाठी रतनताईंना बोलावलं, तशा मागच्या दोन रांगा सवयीनं चहाकडे निघाल्या.

रतनताईंनी तीन नावं वाचली. कागदाची घडी घातली. कुंडूबाईंकडे वळून त्या बंगालीत बोलू लागल्या.

"अरे वा!" चहाकडे निघालेले थबकले. सर छातीवर हात ठेवून कौतुकानं मान डोलवत होते. त्या काय बोलताहेत ते फक्त मला पाठ होतं : 'हा अनुवाद माझा आहे. वह्या या पिशवीत आहेत. सरांना बंगाली येत नाही. तुम्हीच विचारून बघा.'

पहिली टाळी सरांनीच वाजवली.

कुंडूबाईंनी पिशवीतली वही चाळली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. सरांकडे बघत त्यांनी बंगालीत, सावकाश, एक प्रश्न विचारला.

सर दिलखुलास हसले, जोरजोरात होकारार्थी मान हलवली. "थँक यू, थँक यू मॅडम!"

रतनताईंनी माईक तोंडाशी घेतला. "ज्यांना बंगाली येत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाईंनी विचारलं, 'यांचं काम तुम्ही स्वतःच्या नावावर छापलंत, हे खरं का?' सर हो म्हणाले. सरांचे मनापासून आभार."

कुंडूबाईंनी पेन काढलं, पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं सरांचं नाव खोडलं, वहीवरचं रतनताईंचं नाव बघून तिथे उतरवलं आणि ते पान सभागृहाकडे धरलं.

दाराशी सरांनी रतनताईंना गाठलंच. "उद्याच तुमच्या बदलीचं पत्र काढतो!"

"काढा ना. पण टाइप तेवढं तुम्हीच करा, सर. टंकलेखन साहाय्य मी आजपासून बंद केलंय."