घोडीच्या गळ्यातला पट्टा

आज सकाळी मैदानावर एक बाई पहिल्यांदाच घोड्यावर बसलेल्या दिसल्या. लगाम सैल सोडून त्यांनी घोड्याच्या गळ्यातला कातडी पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मला माझे सुरुवातीचे दिवस आठवले.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी घोडेस्वारी शिकायला गेले. शिकवायला घोडदळातले जुने दफेदार साळुंखे होते. घोडी दुडक्या चालीने निघाली, माझा तोल गेला आणि मी लगामालाच लोंबकळले. उतरून पाहते तर तिच्या ओठाच्या कडेला रक्त आलेलं. मला रडूच आलं. म्हटलं, "हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

साळुंखे रागावले नाहीत. त्यांनी एक जुना पट्टा आणून तिच्या गळ्यात बांधला. "बाई, तोल गेला की हा धरा. लगाम तिच्या तोंडात असतो, तिथं आधार शोधायचा नाही."

"आणि हा सुटणार कधी?"

"मी अजून बांधतो की, घोडं नवं असलं म्हणजे."

शिकणाऱ्याच्या चुका दुसरंच कुणीतरी सोसत असतं. मी शिकवलेल्या पहिल्या वर्गातल्या मुलांनीही माझ्या किती चुका सोसल्या असतील. तेव्हा असा पट्टा हातात देणारं कुणी नव्हतं. साठीत का होईना, भेटलं.

जखम भरल्यावर साळुंख्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. घोडीने तो ओठांनी अलगद उचलला आणि माझ्या तळहाताशी तोंड तसंच राहू दिलं.