वंदनाने पाठवलेलं भंगार

मुलुंडच्या माझ्या फौंड्रीत सकाळची भट्टी नुकतीच पेटवली होती, तेव्हा वंदनाच्या आईचा फोन आला. "विनय, वंदू गेली रे," एवढंच म्हणाल्या. आजारपण वर्षभराचं, डॉक्टरांनी आधीच हात टेकलेले... तरी मी मूर्खासारखा "कधी? कधी?" विचारत राहिलो.

इंजिनिअरिंगला आम्ही एकाच बाकावर बसायचो. पुढे मी वडिलांची फौंड्री सांभाळायला घेतली आणि ती संशोधनात शिरली. गोवंडीला तिच्या आईने उभं आयुष्य अ‍ॅल्युमिनियमचं भंगार निवडलं. भांडी एकीकडे, खिडक्यांच्या चौकटी दुसरीकडे आणि त्यातले लोखंडी स्क्रू, बिजागऱ्या उचकटून तिसरीकडे. बोटं कायम कापलेली. ते उचकटणं वंदनाला बंद करायचं होतं. भंगारातलं लोखंड अ‍ॅल्युमिनियममध्ये उतरलं की आत सुईसारखे कण धरतात आणि वस्तू तडकते. मँगनीज नेमकं किती घातलं तर त्या सुया बोथट होतील, हे ती कॉम्प्युटरवरच भट्टी पेटवून शोधायची. "स्क्रीनवर वितळवून वितळवून कंटाळा आला, आता तुझी पाळी," म्हणत तिने भंगाराची दोन पोती आणि मँगनीजचं माप पाठवलं. दोन्हींवर तिच्या अक्षरात, जाड मार्करने लिहिलेलं : जसं आहे तसं वितळव.

मी ऐकलं नाही. तिची केमो चालू होती, निदान हा प्रयोग तरी फसू नये असं वाटलं. पहिलं पोतं ओतलं आणि कारागिरांबरोबर मांडी घालून एकूण एक स्क्रू काढला. तिने लोखंड धरून गणित मांडलेलं, आणि मी लोखंडच काढून टाकलं! मँगनीज जास्त झालं. तयार पट्ट्यांची ताकद तिच्या आकड्यांच्या जवळपासही आली नाही. वंदना चूक स्वतःच्या गणितात शोधत बसली, दवाखान्याच्या खाटेवर लॅपटॉप घेऊन, चार महिने. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो दुसऱ्या महिन्यात. पुढचे दोन महिने मी लाजेने गप्प बसलो. हे लिहितानाही स्वतःची चीड येते.

शेवटच्या भेटीत सांगून टाकलं. तिने लॅपटॉप मिटला.

"चार महिने, विन्या. माझ्याकडे होते का रे चार महिने?"

मला मान वर करता येईना. मग तीच म्हणाली, "दुसरं पोतं आहे ना? त्यात तरी शहाणपणा करू नकोस."

त्या सकाळची भट्टी दुसऱ्या पोत्यासाठीच पेटवली होती. उत्तर कळायच्या आत ती गेली. आठवड्याने मी ते पोतं तसंच वितळवलं, स्क्रूंसकट. पट्टी मशीनवर ओढून तोडली, तर आकडा तिच्या आकड्याला जवळजवळ चिकटूनच आला. मी तिथेच खाली बसून रडलो.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला गोवंडीला गेलो. वंदनाच्या आईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पोरीचं बरोबर होतं का रे?"

"बरोबर होतं, मावशी. चूक माझी होती."

त्या माझा हात बराच वेळ धरून बसल्या.

रिकामं पोतं एका कारागिराने वाळू भरायला घेतलं, तेव्हा मी उगीच त्याच्यावर ओरडलो. आता ते भट्टीशेजारच्या भिंतीवर टांगलंय. अजूनही भंगार आलं की माझा हात सवयीने पहिल्या स्क्रूकडे जातो. भिंतीवरचं तिचं अक्षर दिसतं, आणि मी हात मागे घेतो.