पोलंडचा राजा आणि आमचे सर

"सर, तुम्ही सध्या काय करता?" असं कोणी विचारलं की ते हनुवटीनं बायकोकडे खूण करायचे आणि म्हणायचे, "काम ही करते. मी नुसतं राज्य करतो."

इथं अमेरिकेत, नेपरव्हिलला, ते आमच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहायचे. नागपूरच्या कॉलेजात वीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या ताईंना, इथल्या एका औषध कंपनीत नोकरी लागली, तेव्हा राजीनामा देऊन त्यांच्या मागोमाग आले. एच-फोर व्हिसावर. म्हणजे बायकोच्या आधारावर राहायचं, नोकरी करायची नाही. असे नवरे तुम्हीही पाहिले असतील. बहुतेक जण पार्टीत कोपऱ्यात उभे राहून 'सध्या एक कोर्स करतोय' म्हणतात. सर मधोमध बसून आणखी भजी मागायचे.

लायब्ररीच्या खोलीत दर शनिवारी आमची मराठी शाळा भरते. सरांनी तिथला वर्ग घेतला. मुलांना मराठी समजायचं, पण उत्तरं इंग्रजीत यायची आणि डोळे घड्याळावर असायचे. दुसऱ्याच शनिवारी सरांनी पुस्तक मिटलं आणि पोलंडच्या एका जुन्या राजाची गोष्ट सुरू केली. आमच्या समोर एक पोलिश आजी राहतात. बर्फ उपसता उपसता अर्धी गोष्ट त्यांनी सरांना सांगितली होती. उरलेली सरांनी याच लायब्ररीत वाचून काढली.

पोलंडच्या गादीवर एक लहान मुलगी होती. शेजारच्या लिथुआनियाचा सत्ताधीश, वयानं तिच्याहून कितीतरी मोठा, तिच्याशी लग्न करून पोलंडचा राजा झाला. त्यासाठी त्याला धर्म बदलावा लागला. नावसुद्धा.

"आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात," सर म्हणाले. "इथं नवरदेवाचं बदललं. काही बिघडलं नाही त्याचं."

हा राजा दारूला शिवायचा नाही, पाणी प्यायचा. पुढे राणी बाळंतपणात गेली, बाळही गेलं. ज्या लग्नानं गादी दिली, ते लग्नच उरलं नाही. आता माझं इथं काय, म्हणून राजा आपल्या मुलखाकडे निघाला. सरदारांनी त्याला थांबवून घेतलं. मग त्यानं आणखी पस्तीसेक वर्षं राज्य केलं. म्हातारपणी एकदा पाखराचं गाणं ऐकत गारठ्यात उभा राहिला, थंडी बाधली आणि त्यातच गेला.

नऊ वर्षांच्या रियानं हात वर केला. "सो, ही वॉज ऑन एच-फोर?"

मी मागे बसलो होतो. मला कुठं बघावं कळेना. सर मात्र टेबल धरून हसत सुटले आणि म्हणाले, "करेक्ट. एकदम करेक्ट."

त्याच दिवशी ठरलं की इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात याचं नाटक करायचं. राजा रियाच होणार. आपले राजे सोडून पोलंडचा कशाला, असं एका काकांनी मीटिंगमध्ये विचारलं. सरांनी त्यांना प्रधानाची भूमिका दिली. काका दुसऱ्या दिवसापासून वेळेआधी हजर. राजाचं नाव नीट म्हणायला पोलिश आजी शिकवत. मुलांना तासाभरात जमलं. काकांना शेवटपर्यंत नाही.

तालमी रंगात आल्या आणि ताईंच्या कंपनीनं त्यांचा विभागच बंद केला. साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर दोघांनाही देश सोडावा लागणार. सरांनी हे मला गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना सांगितलं.

"मला परत जायचं दुःख नाही रे," ते म्हणाले. "मला तिकडे वर्ग मिळेल. पण हिनं इथं एवढं उभं केलंय. ते टाकून ही माझ्या मागं येणार, ते मला नाही बघवणार."

तालीम त्यांनी एकही कॅन्सल केली नाही. उलट बुधवारी एक वाढवली. ताईंचा व्हिडिओवर इंटरव्ह्यू असला की मध्येच बेल वाजू नये म्हणून सर कानटोपी घालून बाहेर पायरीवर उभे राहत. पार्सलवाल्याला लांबूनच हातानं थोपवायचे. मी एकदा चहा नेऊन दिला, तर बोटानं मला गप्प केलं आणि कप घेतला.

मुदत संपत आली असताना ताईंना देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बॉथेलला नोकरी लागली. लगेच रुजू व्हायचं होतं. नाटक नऊ दिवसांवर होतं. सरांनी नाटकाची वही माझ्या हातात दिली, मुलांना एकेक पेढा दिला आणि ताईंबरोबर विमानात बसले.

नाटकाच्या दिवशी मी पहिल्या रांगेत फोन उंच धरून बसलो होतो. पलीकडे बॉथेलहून सर आणि ताई बघत होते. काकांनी राजाचं नाव चुकवलं, पोलिश आजींनी कपाळाला हात लावला, हॉल हसला. मग राणी गेली. रियानं मुकुट काढून खाली ठेवला आणि दाराकडे चालायला लागली. सरदार झालेली सहा मुलं तिच्या मागे धावली. त्यांचं वाक्य होतं, 'थांबा, महाराज.'

"थांबा, सर!" सहाही जण एकदम म्हणाले.

आधी सगळे हसले. मग कोणीच हसेना.

मी फोन वळवून पाहिला. पडद्यावर बॉथेलच्या घराचं नुसतं छत दिसत होतं. फोन कोणीतरी टेबलावर उताणा ठेवला होता आणि ताईंचा हलका आवाज येत होता, "अहो, घ्या, पाणी प्या."